विनोद कांबळी : धावा, प्रसिद्धी आणि दारू

विनोद गणपत कांबळी हा मुंबईचा डावखुरा फलंदाज भारताकडून १७ कसोटी आणि १०४ एकदिवसीय सामने खेळला. कसोटीतली त्याची सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकरची ५३.७८, सुनील गावसकर यांची ५१.१२. सतरा सामन्यांची सरासरी दोनशे सामन्यांच्या सरासरीशेजारी मांडणे हिशेबाला धरून नाही, तरी मुंबईच्या मैदानांवर हे आकडे अजून तोंडपाठ ऐकायला मिळतात. शेवटची कसोटी खेळला तेव्हा कांबळी २३ वर्षांचा होता. ज्या वयात पुष्कळांची सुरुवात होते, त्या वयात त्याचे कसोटीचे खाते बंद झाले. पुढे त्याच्या नावाभोवती जी चर्चा उरली, तिच्यात धावा मागे पडत गेल्या आणि दारू पुढे येत गेली.

कांबळीचा जन्म १८ जानेवारी १९७२चा. घर कांजूरमार्गला, माणसांनी भरलेले. वडील मेकॅनिक, आणि हौसेने क्लबकडून वेगवान गोलंदाजी करणारे. खांद्यावर किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये शिरायचे आणि दादर गाठायचे, हा पोराचा नित्यक्रम. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर होते. नुसत्या सरावापेक्षा सामन्यांवर त्यांचा भर असे, आणि शाबासकी द्यायला ते सहसा राजी नसत. पोर चांगले खेळले तर उद्या आणखी चांगले खेळेल, एवढेच.

फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराची गाठ सेंट झेवियर्सशी पडली. कांबळी सोळा वर्षांचा, तेंडुलकर पंधराही पुरा नव्हता. दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. डाव घोषित करा, असा सरांचा निरोप मैदानाबाहेरून येत होता आणि ही दोघे तिकडे बघायचेच टाळत होती. अखेर जेवणाच्या सुटीत कांबळीने सरांना फोन लावला. आपल्या ३४९ झाल्यात, एक धाव काढू द्या, अशी त्याची विनवणी होती. सरांनी ऐकले नाही. शारदाश्रमचा डाव २ बाद ७४८वर घोषित झाला; कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. मग त्याच कांबळीने गोलंदाजी करून ३७ धावांत ६ बळी घेतले. भागीदारीची आठवण सगळ्यांना आहे, या सहा बळींची फारशी कुणाला नाही.

रणजी करंडकातला पहिलाच चेंडू त्याने षटकारासाठी भिरकावला. जानेवारी १९९३मध्ये इंग्लंडविरुद्ध ईडन गार्डन्सवर कसोटी पदार्पण झाले. फेब्रुवारीत वानखेडेवर २२४, मार्चमध्ये दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतके. त्याच वर्षी श्रीलंकेत १२५ आणि १२०. चौदाव्या डावात त्याच्या हजार धावा पूर्ण झाल्या. इतक्या कमी डावांत हा टप्पा तोवर एकाही भारतीयाने गाठला नव्हता. शारजात शेन वॉर्नच्या एका षटकात त्याने २२ धावा लुटल्या. कानात बाळी, गळ्यात साखळी, डोक्यावर सतत नवी केशरचना. पोरे त्याची नक्कल करू लागली. एकविसाव्या वर्षी माणसाला हे सगळे मिळाले की उद्याही ते मिळणारच, असे त्याला वाटू लागते. वाटले नाही तरच नवल.

घसरणही तितकीच वेगाने झाली. १९९४च्या अखेरीस वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याचे चेंडू टाकून त्याला जखडले. नोव्हेंबर १९९५मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ८ बाद १२० असताना ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. १० धावांवर नाबाद असलेला कांबळी रडत परतला. ते चित्र देशभर दिसले. जूनमध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी पदार्पण केले आणि मधल्या फळीतल्या जागा भरल्या. पुढे घोट्याची दुखापत झाली. एकदिवसीय संघात तो आत-बाहेर करत राहिला, ऑक्टोबर २०००पर्यंत. त्याच्या शिस्तीबद्दल कुजबुज होती, पण कुजबुजीवर कारकिर्दीचा निकाल देता येत नाही. मुंबईकडून तो धावा काढतच होता: प्रथम श्रेणीत एकूण ९९६५ धावा, ३५ शतके, सरासरी ५९.६७. म्हणजे हात गेला नव्हता.

दारूबद्दल कांबळी स्वतः अनेकदा बोलला आहे. रणजी सामन्याच्या आदल्या रात्री भरपूर प्यायलो, आता हा सकाळी उठतो की नाही याची प्रशिक्षकांना काळजी, आणि दुसऱ्या दिवशी मी शतक ठोकले, अशी आठवण त्याने सांगितली आहे. ऐकणारा हसतो. दारूचे व्यसन समजून घ्यायचे तर मात्र ही आठवण हसण्यावारी नेऊन चालणार नाही. सतत पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावते. तेवढ्याच परिणामासाठी जास्त दारू लागते आणि दुसऱ्या दिवशी काम निभावून नेता येते. काम निभावते तोवर घरचे, संघातले, मंडळातले गप्प बसतात. कारकुनाच्या फायलीत चूक निघाली की साहेब विचारतो, ड्रायव्हरची गाडी ठोकली की मालक विचारतो. शतक काढणाऱ्याला विचारणार कोण?

अमेरिकेत बेसबॉलच्या मिकी मँटलचे असेच झाले. न्यूयॉर्क यांकीजकडून १९५१ ते १९६८ या काळात त्याने ५३६ होमरन मारले. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. त्याचे वडील आणि जवळचे नातलग कर्करोगाने अकाली गेले होते. आपणही लवकरच जाणार, अशी त्याची खात्री होती आणि पिणे त्या बेतानेच चालले होते. रात्रीची नशा उतरली नसताना सामना मारल्याच्या त्याच्या गोष्टी अमेरिकेत वर्षानुवर्षे चघळल्या गेल्या. १९९४मध्ये तो उपचार केंद्रात दाखल झाला आणि आपल्या पिण्याबद्दल मासिकात उघडपणे बोलला. तोवर यकृत हाताबाहेर गेले होते. जून १९९५मध्ये यकृत बदलले, १३ ऑगस्टला तो गेला. मधल्या जुलैत घेतलेल्या पत्रकार परिषदेत त्याने मुलांना सांगितले होते, की माझ्यासारखे होऊ नका. त्याच्यानंतरच्या पिढीतला ड्वाइट गूडन विसाव्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे साधारण आपला गोलंदाज, ठरला. १९८६मध्ये त्याच्या न्यूयॉर्क मेट्स संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हा शहरातून निघालेल्या विजयी मिरवणुकीत तो नव्हताच. कोकेनच्या नशेत पडून होतो, हे त्याने पुढे स्वतः कबूल केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दारूचे अवलंबित्व आजार म्हणून नोंदलेले आहे. दारूने मेंदूतल्या सुखाच्या यंत्रणेची घडी बिघडते. ती बिघडली की जेवण, गप्पा, खेळ यांतून मिळणारा आनंद फिका पडतो आणि बाटलीची ओढ तेवढी उरते. खेळाडूचे यात आणखी एक आहे. पन्नास हजार लोकांच्या गजराची मेंदूला सवय झालेली असते. तो गजर बंद झाल्यावर रिकामी संध्याकाळ कशाने तरी भरावी लागते. पिणे सोडल्यावर पुन्हा घसरणे हा या आजाराचा भागच आहे; मधुमेहाची साखर पुन्हा वाढावी तसा. कांबळी व्यसनमुक्तीसाठी चौदा वेळा दाखल झाला, असे त्याच्या एका मित्राने २०२४मध्ये सांगितले. ‘चौदा वेळा’ ऐकून लोक नाक मुरडतात. पण तो चौदा वेळा गेला, हेही त्यात आहेच.

शरीर इशारे देत होते. जुलै २०१२मध्ये त्याच्यावर अँजिओप्लास्टी झाली. नोव्हेंबर २०१३मध्ये चेंबूरहून वांद्र्याला गाडी चालवत जाताना हृदयविकाराचा झटका आला आणि वाहतूक पोलिसांच्या मदतीमुळे तो वेळेत लीलावती रुग्णालयात पोचला. २००९मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात, सचिनने आणखी मदत करायला हवी होती, अशा अर्थाचे तो बोलला होता. पुढे, आपल्या शस्त्रक्रियांचा खर्च सचिननेच केला, असेही त्यानेच सांगितले. त्या दोघांची तुलना करून एकाला धडा आणि दुसऱ्याला आदर्श ठरवण्याची आपल्याकडे हौस फार. पण एका चाळिशीतल्या रुग्णाला ६६४ धावांची भागीदारी काय बरे करणार?

ऑगस्ट २०२२मध्ये त्याने वर्तमानपत्राला सांगितले, की क्रिकेट मंडळाचे दरमहा ३० हजारांचे पेन्शन हीच आपली कमाई आहे. त्याने मुंबई क्रिकेट संघटनेकडे काम मागितले आणि काम मिळणार असेल तर दारू सोडायची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांनी ३० हजारांचा मथळा केला. मागणी कामाची होती, हे त्यात दबले.

काम किती महत्त्वाचे असते, याचे उदाहरण कोल्हापूरला लांब शोधावे लागत नाही. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत झाले आणि मग त्यांना लोक विसरले. १९५५मध्ये ते फौजदार म्हणून पोलीस खात्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत नोकरी केली. पेन्शनसाठी झगडावे लागले, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर मिळाला. उपेक्षा झालीच. पण रोज सकाळी गणवेश चढवून जायला एक जागा होती.

गावाकडच्या खेळाडूंचेही फार वेगळे नाही. कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावरचे बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे ओळखीचे आहे. या पट्ट्यात पोराचे नाव होते ते यात्रेतल्या कुस्ती मैदानात, नाहीतर टेनिस बॉलच्या स्पर्धेत. स्पर्धा जिंकली की चौकात फोटोसह डिजिटल फलक लागतो, आणि रात्री कुणाच्या तरी मळ्यात ‘बसायचं’ ठरते. न पिणाऱ्याला चेष्टा सोसावी लागते. तालमीतल्या पोराला निदान वस्ताद असतो. पोरगा जोर-बैठका किती मारतो यापेक्षा रात्री जातो कुठे, यावर वस्तादाचे लक्ष जास्त. शिवाजी पार्कवर आचरेकर सर हेच करत होते. भारतीय संघात गेल्यावर प्रशिक्षक मिळतात, फिजिओ मिळतो, व्यवस्थापक मिळतो. वस्ताद मिळत नाही. राज्य शासन हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरी मल्लांना मानधन देते, ते योग्यच आहे. मात्र खेळ सुटलेल्या माणसाच्या दिवसाचे काय, हा प्रश्न मानधनाने सुटत नाही.

व्यसनमुक्तीच्या उपचारात डॉक्टरांचे काम आधी येते. रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, क्वचित जीवही जातो. म्हणून पहिले काही दिवस औषधे आणि देखरेख लागते. घरात कोंडून ठेवणे किंवा देवाची माळ घालून सोडून देणे यावर भागत नाही. शरीर सावरल्यावर समुपदेशन सुरू होते, आणि रुग्णाइतकेच ते बायको, आई-वडील, भावंडांसाठी असते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्याला मोठी मदत झाली. व्यसन सोडलेली माणसेच तिथे नव्या रुग्णांना सांभाळतात. योगासने, सामुदायिक कामे, गटातले बोलणे असा दिवस वेळापत्रकाने बांधलेला असतो. बाहेर पडल्यावर पाठपुरावा असतो, कारण खरी परीक्षा घरी गेल्यावरच सुरू होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही हेच काम करतात. तिथे फी नाही आणि आडनाव कुणी विचारत नाही.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. व्यासपीठावर बसलेला कांबळी सचिनचा हात सोडायला तयार नव्हता. त्या प्रसंगाची चित्रफीत घरोघर पाहिली गेली आणि १९८३च्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू मदतीला पुढे झाले. अट एकच, आधी त्याने स्वतःहून उपचाराला दाखल व्हावे. कांबळीने तयारी दाखवली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णालयात न्यावे लागले. मूत्रमार्गाचा संसर्ग होता आणि मेंदूत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. १ जानेवारी २०२५ला तो भारतीय संघाची जर्सी घालून बाहेर पडला आणि व्यसनापासून दूर राहा, असे जमलेल्यांना म्हणाला. त्याच महिन्यात वानखेडेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात त्याने गावसकर यांच्या पाया पडून नमस्कार केला. गावसकर यांच्या चॅम्प्स या संस्थेने १ एप्रिल २०२५पासून त्याला दरमहा ३० हजार रुपये आणि औषधोपचारासाठी वर्षाला आणखी ३० हजार रुपये देणे सुरू केले. व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन हवे असल्यास केंद्र शासनाची विनाशुल्क मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक १४४४६. घरातल्या कुणीही फोन केला तरी चालतो.