सायकल कोणाच्या नावावर?

(मुरुड येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मुरुडात पायपिटीचा विषय निघाला की अण्णा कर्व्यांची आठवण होतेच. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. बाई घराबाहेर पडली की मात्र आजही आधी विचारतात, 'कुठे निघालीस?'

मी जुनी, गिअरची, वाकड्या हँडलची सायकल घेतली तेव्हा लोक म्हणाले, 'रेसची सायकल बाईमाणसाला कशाला?' माझे काम गावोगाव बचतगटांच्या बैठका घेण्याचे. एसटीत 2023 पासून आपल्याला अर्धे तिकीट आहे, ते चांगलेच झाले. पण गाडीची वेळ आपल्या हातात नाही. बायका मोकळेपणी बोलू लागल्या की नेमके मला शेवटच्या गाडीसाठी उठावे लागे. आता तसे होत नाही. दापोलीला जाताना आसूदचा चढ हलक्या गिअरवर चढते. दम लागला तर उतरून ढकलते. त्यात लाज कसली? खडीच्या रस्त्यासाठी जरा रुंद टायर बसवले, मागे कॅरिअर लावले. फायली, तांदूळ, भाजी सारे त्यावर येते. खाऱ्या हवेने साखळी गंजते, म्हणून ती पुसून तेल घालते. पंक्चरही स्वतःच काढते. सुटीच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी हर्णैवरून आंजर्ल्यापर्यंत जातो. काही काम नसताना जातो, हे मुद्दाम सांगते.

पण सायकल घेतली म्हणजे ती आपली झाली, असे नाही. एका ताईंनी गटाचे कर्ज काढून सायकल घेतली. महिनाभरात ती मुलाची झाली. हप्ते ताई भरतात आणि पुन्हा चालत जातात. मी विचारले तर म्हणाल्या, 'घरातल्या वस्तूत माझे-तुझे काय करायचे?' मी म्हटले, 'मग हप्त्यात का करायचे?' त्या हसल्या, पण गप्प झाल्या.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम 14 सांगते की, स्त्रीने स्वकष्टाने मिळवलेल्या किंवा तिला भेट मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. मालमत्ता म्हणजे फक्त जमीन आणि दागिने नव्हेत. जंगम वस्तूही त्यात येतात. म्हणजे सायकलही आली.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत बायका अक्षरांबरोबर सायकलही शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते!

तेव्हा मैत्रिणींनो, सायकल नवी असो वा जुनी, पावती आपल्या नावाची घ्या. मुलाला, नवऱ्याला जरूर द्या, पण त्यांनी मागितल्यावर द्या. कुलपाची किल्ली आपल्या कमरेला असू द्या.