पेशींची पानगळ



माझ्या चुलत्यांना तोंडाच्या कर्करोगासाठी किरणांचे उपचार चालू होते. दहाव्या दिवशी ते मला म्हणाले, “बाळ, शेक घेतोय खरा, पण गाठ आहे तिथंच आहे. सुगी तोंडावर आलीय. जाऊ का घरी?”

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर आज आपण शोधू या.

‘शेक’ हा शब्द सोयीचा, पण फसवा आहे. किरण गाठ भाजून काढत नाहीत. ते पेशीला आतून जखम करतात. त्यानंतर मरायचे की जगायचे, हे पुष्कळदा पेशीच ठरवते.

नवल वाटले ना? शिक्षक बंधुभगिनींनो, पावसाळ्यात डबक्यातले बेडकाचे पिल्लू मुलांना दाखवा. त्याची शेपटी कोणी तोडत नाही. तिच्यातील पेशी मरतात आणि ती विरून जाते. आईच्या पोटात बाळाची बोटे सुटी होतात तीही मधल्या पेशी मरतात म्हणून. अशा शिस्तीच्या मरणाला केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. फुलापाकळ्यांची, पानांची गळ, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ.

आता किरणांकडे वळू. पेशीच्या केंद्रात डीएनएची दुपदरी दोरी असते. किरणांनी तिचे दोन्ही पदर तुटले की पेशीतला राखणदार जागा होतो. हा राखणदार म्हणजे पी-५३ नावाचे प्रथिन. त्याचा शोध १९७९ साली लागला. तो आधी पेशीची वाढ रोखतो. नुकसान थोडे असेल तर दुरुस्तीला सवड मिळते. फार असेल तर मरणाचा हुकूम सुटतो. मग कॅस्पेज नावाची प्रथिने पेशीला आतून कापतात आणि तिचे तुकडे इतर पेशी गिळून टाकतात. रक्तातल्या लिंफोसाइट पेशी अशाच चटकन मरतात.

पण राखणदारच बिघडला असेल तर? सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चे जनुक बिघडलेले असते. दोरी तुटते, पण हुकूम सुटत नाही. मग किरण वाया गेले का? नाही. ती पेशी तुटकी दोरी घेऊनच एकाच्या दोन व्हायला जाते आणि तिथे फसते. कधी पहिल्याच खेपेला, कधी दोन-चार खेपांनी ती मरते. मरण येते, पण सावकाश. म्हणून गाठ काही दिवस होती तशीच दिसते.

किरण रोज थोडे थोडे का देतात, तेही यातून उमगेल. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड बरीचशी सावरतात; कर्कपेशींना ते तितके साधत नाही. मात्र उपचार मध्येच सोडले, तर उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढीला लागतात. अर्धवट खुरपलेल्या रानात तण माजते, तसेच हे.

आणखी एक गोष्ट. बाहेरून यंत्राने किरण दिलेल्या माणसापासून इतरांना किरणांची बाधा होत नाही. त्याच्या शेजारी बसावे, नातवंडांना त्याच्या मांडीवर खुशाल द्यावे.

काकांना मी म्हणालो, “सुगी आम्ही उरकतो. तुम्ही ठरलेले सगळे दिवस पुरे करा.” आपल्या गावात कोणी असाच प्रश्न विचारला, तर त्याला एवढेच सांगा: पान पिवळे पडले की लगेच गळत नाही, थोडा धीर धरावा लागतो.