पंचांचा निर्णय आणि खेळाची पत



क्रीडाक्षेत्राचा विचार करताना लक्ष सहसा खेळाडू आणि पदके यांच्याकडेच जाते. ज्या संस्थेच्या नियमांवर हा सारा डोलारा उभा असतो, तिच्या कारभाराची चर्चा क्वचितच होते. तायक्वांदो या कोरियन युद्धकलेच्या जागतिक संघटनेची वाटचाल त्यादृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१९७३ मध्ये सोल येथे जागतिक तायक्वांदो महासंघाची स्थापना झाली. १९८८ व १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून स्थान मिळाल्यानंतर २००० साली सिडनी येथे तायक्वांदोला अधिकृत दर्जा लाभला. २०१७ पासून ही संघटना 'वर्ल्ड तायक्वांदो' या नावाने ओळखली जाते. दोनशेहून अधिक राष्ट्रीय संघटना तिच्या सदस्य आहेत.

संघटनेची खरी कसोटी लागली ती २००८ मध्ये, बीजिंग येथे. प्रहार लागला की नाही, हे तेव्हा पंचांच्या नजरेवर ठरत असे. ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सन यांचा डोक्यावर बसलेला प्रहार मोजला गेला नाही. पुढे चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला. क्युबाच्या आंखेल मातोस याने तर पंचालाच लाथ मारली व त्याच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली. मात्र केवळ शिक्षेने गमावलेला विश्वास परत येत नाही. २०१२ मध्ये लंडन येथे इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड व चित्रफितीद्वारे तत्काळ पडताळणी, तर २०१६ मध्ये रिओ येथे इलेक्ट्रॉनिक हेडगार्ड आले. यंत्रामुळे खेळातील नजाकत हरवल्याची टीकाही झाली आणि नियमांत पुन्हा बदल करावे लागले.

या सुधारणांचे मोल छोट्या राष्ट्रांना अधिक आहे. अफगाणिस्तानचे पहिले ऑलिम्पिक पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई यांनी, तर जॉर्डनचे पहिले पदक २०१६ मध्ये अहमद अबुघौश यांनी याच खेळात मिळवले. जॉर्डनमधील अझराक निर्वासित छावणीतही तायक्वांदोचे प्रशिक्षण दिले जाते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये झाकिया खुदादादी यांनी निर्वासित संघाला पहिलेवहिले पदक मिळवून दिले. ज्यांच्या पाठीशी धनबळ वा सत्ताबळ नाही, त्यांना निःपक्षपाती नियमांचाच आधार असतो.

भारतातही राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ द्वारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ व क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद करण्यात आली आहे. दूरच्या गावातील खेळाडूच्या तक्रारीला वेळेत आणि पुराव्यानिशी उत्तर मिळते किंवा नाही, यावरच अशा व्यवस्थेचे यश ठरेल.