फॉरवर्ड करण्याआधी

आज कॉलेजातल्या दोस्तांशी बोलायचंय.

सप्टेंबर 2022. आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला वाट विचारली. मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना काठ्या-पट्ट्यांनी बदडलं. पोलिसांनी चौकशी केली, तेव्हा ते खरेच साधू निघाले. ते वाचले. पण 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेनं पाच जणांचा जीव घेतला.

त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कुणीतरी कापला होता!

म्हणून फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली की सावध व्हा. तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. फोटो गुगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुधा कळतं.

पलूसकरांनो, पावसाळ्यात कृष्णेच्या पुराचा व्हिडिओ आला, तर आधी तारीख विचारा. 2019चा पूर आजचा म्हणून खपवणं सोपं असतं. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. आजचा आकडा प्रशासनाकडूनच घ्या.

भिलवडीतल्या आजीला ‘हे खोटंय’ एवढंच सांगू नका, कसं ओळखलं तेही दाखवा. आणि कुठे जमाव चिडलेला दिसला, तर व्हिडिओ काढत बसू नका, 112 लावा.