पार्किंगमधला पोचा

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज मुद्दामच तसाच ठेवला आहे.)



गेल्या महिन्यात इथे मधुमेहावर भाषण झालं, त्याच्या आधी मृत्युपत्रावर. दोन्ही विषय आमच्या वयाला शोभणारे. मी पार्किंगमध्ये गाडीला पडणाऱ्या पोच्यावर बोलणार म्हटल्यावर सेक्रेटरी हसले. पण कमिटीच्या तक्रारवहीत पहिला नंबर गळतीचा आणि दुसरा पार्किंगचा आहे. मृत्युपत्रावरून आपल्याकडे अजून तरी भांडण झालेलं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा आपल्या स्टिल्टमध्ये पोरं क्रिकेट खेळायची, गणपतीचा मांडव तिथेच पडायचा. चारचाक्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही बहुतेक मारुती ८००. ती गाडी साडेतीन मीटरसुद्धा लांब नव्हती. आज त्याच दोन खांबांमध्ये आपण पावणेपाच मीटरची इनोव्हा बसवतो. गाड्या वाढल्या, रुंदही झाल्या, खांब मात्र बिल्डरने उभे केले तिथेच आहेत. तेव्हा घासाघीस होणार. ती झाल्यावर आपण एकमेकांशी कसं वागतो, हा आजचा विषय.

एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे ते आज हयात नाहीत, त्यांच्या मुलाला विचारून सांगतो आहे. आपण त्यांना अण्णा म्हणू. कोण ते ओळखायचा प्रयत्न करू नका, आणि ओळखलंत तर कृपा करून बोलू नका.

अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका संध्याकाळी मंडईतून परत आले आणि रिव्हर्स घेताना शेजारच्या नव्या कोऱ्या गाडीला त्यांच्या गाडीचा मागचा कोपरा लागला. बंपरला पोचा, दारावर हातभर चरा. अण्णा उतरले, पाहिलं, पिशव्या घेतल्या आणि वर निघून गेले. ज्याची गाडी होती तो मुलगा आयटीत, हप्ते नुकतेच सुरू झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चऱ्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ज्या भित्र्याने हे केलं त्याने निदान लाज बाळगावी.’ दुपारपर्यंत त्यावर चाळीसेक प्रतिक्रिया. कोणी ड्रायव्हरवर संशय घेतला, कोणी दूधवाल्यावर, कोणी बी विंगच्या भाडेकरूंवर. वॉचमनने सगळं पाहिलं होतं, पण तो गप्प. दिवाळीला सगळ्यात जास्त पोस्त अण्णांकडूनच मिळायची ना!

अण्णा चार दिवस कट्ट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी मी वर गेलो. चहा झाला, आणि त्यांनी आपणहून सांगितलं. पैशाची अडचण नव्हती हो. पेन्शन चांगली होती. म्हणाले, “मुलाला कळलं तर तो किल्ली काढून घेईल. मग मी भाजीलासुद्धा दुसऱ्याला विचारून जायचं का?”

इथे बसलेल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला हे वाक्य कळेल. तरुणांनी ते नीट ऐकावं. ठोकून पळणारा दर वेळी बेदरकारच असतो असं नाही. कधी तो घाबरलेला म्हातारा असतो, कधी बाबांची गाडी न विचारता काढलेला अठरा वर्षांचा मुलगा, कधी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलेला ड्रायव्हर. ‘भित्रा’ हा शब्द बरोबरच होता. पण चारचौघांत तो शब्द उच्चारला गेल्यावर कबूल करायला पुढे येणं अण्णांना आणखी अवघड झालं, हे त्या मुलाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही दोघं त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. अण्णा म्हणाले, “तुझी गाडी माझ्याकडून घासली. त्याच दिवशी सांगायला हवं होतं.” तो मुलगा दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, “काका, मला वाटलं बाहेरचं कोणीतरी...” आणि मोबाइल काढून त्याने तो मेसेज पुसून टाकला. बिल आठ हजार चारशे झालं. तो निम्मेच घ्यायला तयार होता, अण्णांनी पूर्ण दिले, गॅरेजवाल्याच्या हातात. नंतर डोळे तपासले तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं आणि अण्णांनी पुढे दोन वर्षं गाडी चालवली, फक्त दिवसा. मुलाने किल्ली मागितली नाही. जाता जाता सांगतो, पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्सचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तो दाखला ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता घेऊ नका. डोळे आपलेच आहेत.

आता हे कायद्यात कसं बसतं ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम १३४. अपघातात तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने पोलिसांना आणि तिथे पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत माहिती द्यावी, विमा कंपनीलाही लेखी कळवावं, असं त्यात आहे. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथे उभ्या गाडीला धक्का लागला आणि मालक सापडला नाही तर आपलं नाव-पत्ता लिहून चिठ्ठी त्या गाडीवर लावायची असा कायदाच आहे. मी तिथे गेलो होतो तेव्हा मॉलच्या पार्किंगमध्ये वायपरखाली अशी चिठ्ठी स्वतः पाहिली. आपल्याकडे पोलीस ठाण्यात जाणं कोणाला नको असतं, पण चिठ्ठी लिहायला काय लागतं? फ्लॅट नंबर, फोन नंबर, ‘माझ्याकडून लागली, संध्याकाळी भेटतो.’ एवढंच.

बरं, आपल्या गाडीला कोणी ठोकलं तर? पहिलं काम फोटो. गाडी हलवण्याच्या आधी. एक लांबून, त्यात खांब आणि शेजारच्या गाड्या दिसल्या पाहिजेत, आणि दोन जवळून. समोरच्या गाडीचा रंग आपल्या बंपरवर लागला असेल तर तो पुसू नका. दुसरं काम, सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी कळवून सीसीटीव्हीचं ते रेकॉर्डिंग राखून ठेवायला सांगणं. डीव्हीआरमध्ये नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं, महिन्याने मागितलंत तर मिळेलच असं नाही. आणि कमिटीला माझी विनंती, फुटेज ऑफिसात बसून दाखवा, ग्रुपवर टाकू नका. तिसरं काम, बेल वाजवून शांतपणे विचारणं. हे काम आपण सगळ्यात शेवटी करतो.

गाडी बाहेरची असेल आणि नंबर मिळाला असेल तर एमपरिवहन ॲपवर तो नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण विमा चालू आहे की नाही ते कळतं. मुद्दाम किल्लीने चरे ओढले असतील तर मात्र ते प्रकरण वेगळं. तो अपघात नाही, खोडसाळपणाचा गुन्हा आहे. तिथे पोलिसांत जायला संकोच करू नका.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, तेव्हा थोडं सहन करा.

बहुतेकांना वाटतं, विमा आहे ना, मग क्लेम टाकू. समजा तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० रुपये आहे. पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे तुम्ही भरता ५,०००. कोणीतरी बंपर फोडला. गॅरेजचं बिल समजा असं: नवा बंपर ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी १,०००. एकूण ११,०००. झिरो डेप्रिसिएशन घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी कपात, म्हणजे बंपरचे ३,००० गेले. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणजे ५०० गेले. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. हाती आले ६,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम केल्यावर बोनस शून्यावर येतो आणि मग पुन्हा पायरी पायरीने २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. पहिल्या नूतनीकरणाला ५,००० जास्त भरायचे, दुसऱ्याला ३,०००, मग २,५००, मग १,५००, मग ५००. बेरीज १२,५००. गाडी जुनी होईल तसा मूळ प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण ६,५०० मिळवायला त्याच्या जवळपास दुप्पट मोजण्याचा हा व्यवहार आहे. बोनस राखणारं वेगळं कव्हर घेतलं असेल तर गणित बदलतं, पॉलिसी काढून बघा. मोठं नुकसान असेल, दिवा, फेंडर, दार सगळं गेलं असेल, तर क्लेम जरूर करा. मग सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका.

कोणी म्हणेल, ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यातून घेऊ. कायद्यात तशी सोय आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. शिवाय कायद्याची सक्ती ‘सार्वजनिक जागे’पुरती. फाटक लावलेलं सोसायटीचं आवार त्यात येतं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. अकरा हजारांच्या बंपरसाठी कोण तारखा घेत बसणार?

म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आपसांत मिटवणं हाच शहाणपणाचा व्यवहार. पण व्यवहार म्हणूनच करा, भिडेखातर तोंडी नको. आधी गॅरेजचं एस्टिमेट, मग पैसे थेट गॅरेजला किंवा बँकेतून, रोख नको. आणि एका कागदावर दोन ओळी: अमुक तारखेच्या नुकसानीबद्दल पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, आता काही येणं नाही. दोघांच्या सह्या. असा कागद केल्यावर त्याच नुकसानीचा विमा क्लेम करायचा नाही. दोन्हीकडून घेणं तर चुकीचंच, पण तुम्ही लिहून दिल्यामुळे कंपनीचा ठोकणाऱ्याकडून वसुलीचा हक्कही बुडतो, आणि मग ती तुमचा क्लेम अडवू शकते. आणखी एक, जुन्या तीन ओरखड्यांचं बिल नव्या पोच्याच्या माथी मारू नका. गॅरेजवाले ‘पूर्ण साइडच करून घ्या ना साहेब’ म्हणतातच. आपण नाही म्हणायचं. दोन कुटुंबांतलं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे, ते पोच्यावरून नाही, या वाढवलेल्या बिलावरून.

सोसायटीने भरून द्यावं अशीही मागणी होते. बँकेच्या सीएआयआयबी परीक्षेला आम्ही बेलमेंट घोकलं होतं, मराठीत निक्षेप. करार कायदा १८७२, कलम १४८ आणि १५१. वस्तू ताब्यात दिली तर घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची. पण ताबा दिला पाहिजे. आपण सोसायटीत गाडी लावतो आणि किल्ली खिशात घालून वर जातो, तेव्हा सोसायटी सांभाळणारी होत नाही. हॉटेलात व्हॅले पार्किंगवाल्याच्या हाती किल्ली देता, तेव्हा ताबा जातो. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली अशी दिलेली मारुती झेन चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हॉटेलला जबाबदार धरलं, पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं असूनही. तेव्हा किल्ली देताना पावती घ्या, गाडीचा एक फोटो घ्या, आणि परत घेताना फाटकाच्या बाहेर पडण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. बाहेर आल्यावर तक्रार ऐकायला कोणी नसतं.

कमिटीसाठी दोन कामं. बी विंगच्या वळणावर बहिर्गोल आरसा आणि खांबांना रबरी पट्ट्या, हा ठराव गेल्या जनरल बॉडीत मंजूर झाला, खर्चाची तरतूदही झाली. कोटेशन तीन आलेली आहेत, मी पाहिली आहेत, मधलं बरं आहे. पावसाळ्याच्या आधी लावून घ्या, कारण पावसात काचा धुरकट होतात आणि आमच्या वयाची मंडळी अंदाजाने रिव्हर्स घेतात.

दोन ओळींच्या पावतीचा नमुना मी टाइप करून ऑफिसात ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी. आता प्रश्न विचारा. चहा येईपर्यंत वेळ आहे.