प्लास्टिकचा कणा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



निवडणूक आली की आपल्या बैठकीत एक वाद हटकून निघतो. ‘ती त्या पक्षाची. बाई असली म्हणून तिला कशाला पाठिंबा द्यायचा?’ असं एकजण म्हणते, दुसरी चिडते, आणि चहा गार होऊन जातो. मीही त्या वादात पुष्कळदा तावातावाने बोलले आहे. आज मात्र मी एक लांबची हकिगत घेऊन आले आहे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या तीन आमदार बायकांची, आणि त्यांना पाडणाऱ्या तीन उमेदवारांची.

त्या राज्याच्या सिनेटमध्ये ४६ जागा आहेत. आपल्या विधान परिषदेसारखं ते नाही, तिथे लोक थेट मत देऊन आमदार निवडतात. २०१२ पूर्वीची चार वर्षं त्या सभागृहात एकही बाई नव्हती. त्या वर्षी कॅटरीना शीली निवडून आल्या, त्याही पक्षाच्या तिकिटावर नाही, तर मतदारांच्या सह्या गोळा करून उभ्या राहून. पुढे त्या रिपब्लिकन पक्षाच्याच आमदार म्हणून वावरल्या. २०२३ साली सभागृहात पाच बायका झाल्या होत्या. रिपब्लिकन पक्षाच्या शीली, पेन्री गुस्टाफसन आणि सॅन्डी सेन. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मार्जी ब्राइट मॅथ्यूज. आणि अपक्ष मिया मॅक्लाउड.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं देशभरचं संरक्षण काढून घेतलं आणि हा विषय राज्यांच्या हाती गेला. एप्रिल २०२३ मध्ये या सिनेटपुढे जवळजवळ संपूर्ण गर्भपातबंदीचं विधेयक आलं. या पाचजणी एकत्र आल्या. एकीमागून एक उठून बोलत राहिल्या. मूल राहतं कसं, गर्भपिशवी काढावी का लागते, हे सगळं भर सभागृहात पुरुषांना ऐकवलं. तीन दिवसांनी ते विधेयक २२ विरुद्ध २१ मतांनी पुढे ढकललं गेलं. एका मताने!

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. या तीन रिपब्लिकन बायका आपल्या अर्थाने स्त्रीवादी नव्हेत. गुस्टाफसन स्वतःला गर्भपातविरोधीच म्हणवतात. शीलींचं म्हणणं १२ आठवड्यांपर्यंत मुभा असावी, एवढंच. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने २० आठवड्यांपर्यंत वाट दिली, २०२१ च्या दुरुस्तीने काही बायकांसाठी ती २४ पर्यंत नेली. आपल्या चौकटीत बसवलं तर या तिघी आपल्या विरोधी बाकावरच्या ठरतील.

मे महिन्यात सहा आठवड्यांनंतर बंदी घालणारं विधेयक आलं. सहा आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले. महिना चुकला हे कळून दोन आठवडे होतात न होतात, तोवर मुदत संपलेली. पाचहीजणींनी विरोधात मत दिलं, पण ते मंजूर झालं. गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांनी या तिघींना प्लास्टिकचे पाठीचे कणे भेट दिले. तुम्हाला कणा नाही, असा अर्थ.

आता न्यायालयाचं बघा. त्या राज्यात न्यायाधीश विधिमंडळच निवडतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आधीची सहा आठवड्यांची बंदी ३ विरुद्ध २ मतांनी रद्द केली होती. निकालपत्र लिहिणाऱ्या के हर्न या तिथल्या एकमेव महिला न्यायाधीश. वयोमर्यादेमुळे त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी विधिमंडळाने पुरुष नेमला, आणि ऑगस्टमध्ये नवी बंदी ४ विरुद्ध १ मतांनी कायम झाली. आमदारकीची एक जागा म्हणजे काय काय असतं, ते यावरून कळतं.

त्याच वर्षी बॉस्टनला पाचहीजणींना राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला. देशभर कौतुक झालं. आपल्यासारख्यांनीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण मतं बॉस्टनची नव्हती. तिथे उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. पक्षाचा उमेदवार कोण, यासाठी आधी एक निवडणूक होते. त्या राज्यात कोणीही मतदार कुठल्याही एका पक्षाच्या या निवडणुकीत मत देऊ शकतो. प्रत्यक्षात भर उन्हाळ्यातल्या या मतदानाला कट्टर मंडळीच नेमाने जातात. जिथे एकाच पक्षाचा जोर आहे, तिथे खरा निकाल जूनमध्येच लागतो, नोव्हेंबरमध्ये नाही. म्हणून उजव्या उमेदवाराला सगळा मतदारसंघ जिंकायची गरजच नसते. त्याने फक्त ठामपणे म्हणायचं, ‘ही बाई आपल्यातली राहिली नाही.’

११ जून २०२४. गुस्टाफसन यांना अ‍ॅलन ब्लॅकमन यांनी सपशेल हरवलं, पाचातली चार मतं त्यांची. चार्ल्सटन भागात सॅन्डी सेन मॅट लेबर यांच्याकडून हरल्या. फेरमोजणी झाली, फरक चाळिसाहूनही कमी मतांचा. चाळीस मतं म्हणजे आपल्या दोन बचतगटांच्या बायका! शीलींच्या लेक्सिंग्टनमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून २५ जूनला पुन्हा मतदान झालं. त्यात वकील कार्लाइल केनेडी यांनी (आडनावापुरतंच साम्य!) बारा वर्षं निवडून आलेल्या या बाईंना घरी बसवलं.

या पराभवाला एकटा गर्भपाताचाच प्रश्न कारण झाला, असं मी म्हणणार नाही. तिन्ही ठिकाणी स्थानिक हिशेबही असणार. पण तिघींपैकी एकही वाचली नाही, हे विसरता येत नाही. सेन यांच्या मतदारसंघातल्या, बंदी नको असलेल्या पण ‘रिपब्लिकनांच्या निवडणुकीत आपलं काय काम’ म्हणून घरी राहिलेल्या बाईची मला राहून राहून आठवण येते. तिला मत देता येत होतं. मी तिथे असते तर गेले असते का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. आता मात्र जाईन. सेनबाईंच्या बाकीच्या मतांशी भांडायला नोव्हेंबर होताच की.

मिया मॅक्लाउड २०२४ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या निवडणुकीनंतर ४६ जणांच्या सभागृहात दोन बायका उरल्या, मार्जी ब्राइट मॅथ्यूज आणि टमिका आयझॅक डिव्हाइन. दोघी कृष्णवर्णीय, दोघी डेमोक्रॅटिक पक्षाच्या. सत्ताधारी बाकांवर एकही बाई निवडून आली नाही.