होडीच्या कडेशी आलेला मासा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत वारंवार विचारला जातो, तो असा की, खाडीच्या मुखाशी गरवताना लागलेला मोठा जिताडा किंवा घोळ होडीपर्यंत निमूट येतो आणि ऐन वेळी सुटतो, याचे कारण काय? कारण इतकेच की, तो निमूट आलेला नसतो. होडीची सावली दृष्टीस पडताच राखून ठेवलेल्या सर्व बळानिशी तो तळाकडे मुसंडी मारतो, आणि त्या क्षणी ढील देण्याची तजवीज ज्याने केलेली नसते, त्याचा दोर तरी तुटतो किंवा माशाचा ओठ तरी फाटतो.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे की, दोर हाताला कदापि गुंडाळू नये. तळहाताला नाही, मनगटाला नाही, बोटाला तर मुळीच नाही. नायलॉनचा बारीक दोर ताण बसताच मांसात सुरीसारखा उतरतो, आणि वेढा सोडवायला दुसरा हात पोचण्यापूर्वीच मनुष्य तोल जाऊन पाण्यात पडतो. एका गृहस्थांनी, दोर निसटू नये म्हणून आपण दोन वेढे देतो, असे अभिमानाने कळविले आहे. अहो महाराज, तो निसटावा म्हणूनच तर हातात मोकळा धरायचा! निसटलेला दोर पुन्हा ओढता येतो. बोट गेले की गेले. शिवाय ओढून घेतलेल्या दोराची वेटोळी पायाशी पसरू देऊ नयेत, टोपलीत पडू द्यावीत. पाऊल अडकले तरी परिणाम तोच. बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवावेत. त्यात लाज कसली?

बाकीचे थोडक्यात. होडीत उभे राहू नये, आणि दोघांनी एकाच कडेला वाकू नये. मासा दमून आडवा झाल्यावरच आकडी खालून, डोक्यामागे लावावी. जिताड्याच्या कल्ल्यांत बोटे घालू नयेत, कारण झाकणाची कडा धारदार असते. वाम होडीत आल्यावरही कडाडून चावते.

शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीवरील काटा विषारी असतो. पाकट लागला तर सरळ दोर कापावा. काटा लागलाच, तर किनारा गाठताच जखमेचा भाग सोसवेल इतक्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि मग विनाविलंब इस्पितळात जावे. हळद भरून घरी बसू नये.